गेमला तिकीट लावताना…

प्रोग्रॅमिंगचा फारसा गंध नसतानाही कॉलेजमधली मुलंमुली आज स्वतःचा गेम बनवतायत. मित्रमंडळी म्हणतात, ‘भारी झालाय, विक की!’ पण विकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हातात किती पडतं आणि अंगावर काय काय पडतं?

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सहज म्हणून एक सॉफ्टवेअर डाउनलोड केलंत. यूट्यूबवर चार ट्युटोरियल्स बघितलीत. माउसने चौकोन ओढून जमीन तयार केली, त्यावर एक पात्र उभं केलं, बाणाची कळ दाबली की उजवीकडे सरकायचं एवढं त्याला शिकवलं आणि ते खरंच चालायला लागलं! मग काय, रात्रीच्या रात्री जागवल्या. सेमिस्टर संपता संपता वीस लेव्हल्सचा गेम तयार. पेन ड्राइव्हवरून तो हॉस्टेलमधल्या सहा लॅपटॉपवर पोहोचला आणि कुणीतरी म्हणालंच, ‘अरे, हा विक ना! लोक शंभर रुपये आरामात देतील.’

हे ऐकून छाती फुगते. फुगू द्या. पण त्यापुढच्या प्रश्नांची उत्तरं हॉस्टेलवर कुणाकडेच नसतात. कुठे विकायचा? कितीला? त्यात टाकलेलं गाणं चालेल का? पैसे कुठे जमा होणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एखाद्या अनोळखी माणसाने शंभर रुपये मोजून तो घेतला, तर आपण त्याचं काय देणं लागतो?

एकांकिकेचं उदाहरण घ्या. कॉलेजच्या हॉलमध्ये फुकट प्रयोग असतो तेव्हा समोर बसलेले सगळे आपलेच असतात. माइक बंद पडला, पडदा मध्येच अडकला, तरी टाळ्या आणि शिट्ट्या ठरलेल्या. त्याच एकांकिकेला बाहेर तिकीट लावलं की प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो. संहिता तीच, नट तेच. बदललेलं असतं ते फक्त तिकीट. गेमचंही तसंच आहे. किंमत लावली, मग ती पन्नास रुपये का असेना, की तुम्ही कुणाला तरी शब्द दिलेला असतो: हा गेम पूर्ण आहे, तो चालेल आणि यातलं जे माझं म्हणून विकतोय ते विकायचा मला हक्क आहे. हा शब्द पाळता येणार असेल तर खुशाल विका. नसेल, तर थोडं थांबा.

हौशी टूल, खरे गेम्स

‘असल्या ड्रॅग-ड्रॉपवाल्या सॉफ्टवेअरवर बनवलेला गेम कुणी विकत घेतं का?’ असं नाक मुरडणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला थोडा इतिहास ऐकवा.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये ‘अ‍ॅनिमो’ नावाचं छोटंसं टूल बाहेर काढलं. त्याचंच पुढे ‘गेममेकर’ झालं. जपानी ‘आरपीजी मेकर’मध्ये नकाशे, पात्रं, संवाद, लढाया यांचे साचे तयारच मिळतात. ‘क्लिकटीम फ्युजन’मध्ये ‘असं झालं तर तसं कर’ अशा ओळी माउसने भरत जायच्या. गोष्ट सांगणाऱ्या गेम्ससाठी ‘रेन्पाय’ आहे. आणि अर्जेंटिनातल्या दोन मित्रांनी सुरू केलेलं, २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं झालेलं ‘गोडो’ तर पूर्ण मोफत आहे.

आता या टूल्समधून काय निघालं ते बघा. टोबी फॉक्स या तरुणाने गेममेकरवर ‘अंडरटेल’ बनवायला घेतला. आधी छोटा डेमो लोकांना खेळायला दिला आणि २०१३ मध्ये किकस्टार्टरवर ५ हजार डॉलर मागितले. जमले ५१ हजारांहून जास्त! २०१५ मध्ये पूर्ण गेम आला आणि जगभर गाजला. कान गाओने आरपीजी मेकरवर ‘टू द मून’ बनवला, २०११ मध्ये. मरणाच्या दारात असलेल्या एका म्हाताऱ्याची चंद्रावर जायची शेवटची इच्छा आणि त्याच्या आठवणींत शिरणारे दोन डॉक्टर, एवढीच गोष्ट. लढाया जवळपास नाहीतच. चार-पाच तासांत संपतो, पण खेळणारे डोळे पुसत उठतात.

स्कॉट कॉथनची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. त्याने लहान मुलांसाठी एक गोड गेम बनवला होता. त्यातली पात्रं बघून समीक्षक म्हणाले, ही तर जत्रेतल्या यांत्रिक बाहुल्यांसारखी भीतिदायक वाटतात. माणूस आधी खचला. मग त्याने ठरवलं, भीतिदायक वाटतात ना, मग घाबरवूयाच! क्लिकटीम फ्युजनवर बनवलेला ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ २०१४ मध्ये आला. पुढे त्यावर हॉलिवूडचा सिनेमाही निघाला.

पण थांबा. ही तीन नावं ऐकून ‘आता इंजिनीअरिंग सोडतो’ असं घरी सांगायला जाऊ नका. एकट्या स्टीम या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त नवे गेम्स दाखल झाले. म्हणजे रोज सरासरी पन्नास. तुमचा गेम ज्या दिवशी येईल त्या दिवशी तो एकोणपन्नास जणांच्या शेजारी रांगेत उभा असेल. वरच्या यशोगाथांमधून घ्यायची गोष्ट एकच: टूल हौशी असलं म्हणून कुणी गेम नाकारत नाही. गेममध्ये तुमचं स्वतःचं काही नसेल तर मात्र नाकारतात.

आधी फुकट, मग तिकीट

गाजलेल्या कित्येक गेम्सचा प्रवास एकांकिकेचं दोन अंकी नाटक व्हावं तसा झालाय. डेरेक यूने ‘स्पेलंकी’ २००८ मध्ये गेममेकरवर बनवून फुकट वाटला. लोकांना आवडतोय हे दिसल्यावर नव्याने बांधला आणि २०१२ मध्ये विकायला आणला. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने ‘बाबा इज यू’ची पहिली आवृत्ती २०१७ मध्ये एका गेम जॅममध्ये, म्हणजे दोन दिवसांच्या गेम बनवण्याच्या स्पर्धेत, उभी केली. विकायचा पूर्ण गेम आला २०१९ मध्ये. दोन दिवसांची कल्पना आणि त्यानंतर दोन वर्षांची मेहनत.

तुमच्यासाठी यात सरळ धडा आहे. पहिला गेम विकू नका, वाटा. ‘इच डॉट आयओ’ या साइटवर तो अपलोड करायला पैसे पडत नाहीत. किंमत शून्य ठेवून ‘आवडला तर हवे तेवढे द्या’ अशी सोयही आहे. अनोळखी माणसं खेळतील, कुठे अडकतात ते सांगतील. मित्र ‘भारी’ म्हणतो तेव्हा तो तुमच्याकडे बघून म्हणत असतो. अनोळखी माणूस फक्त गेमकडे बघतो. शंभर अनोळखी लोकांपैकी वीस जणांनी जरी शेवटपर्यंत खेळून ‘पुढचा भाग कधी?’ विचारलं, तर तिकीट लावायची वेळ आलीय असं समजा.

यातलं तुमचं किती?

हौशी गेम विकताना पहिली ठेच इथे लागते. गेममधला हिरो इंटरनेटवरून उचललेला, मागे वाजणारं संगीत एखाद्या सिनेमाचं, स्फोटाचा आवाज कुठल्यातरी दुसऱ्याच गेममधला. मित्रांमध्ये हे खपून गेलं. दुकानात नाही खपणार.

‘फ्री डाउनलोड’ या शब्दांवर जाऊ नका. फुकट मिळणं वेगळं आणि मोकळं असणं वेगळं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्समध्ये ‘एनसी’ ही अक्षरं दिसली की ते चित्र किंवा संगीत विकायच्या गेममध्ये वापरता येत नाही. ‘बाय’ असेल तर मूळ कलाकाराचं नाव द्यावं लागतं. ‘सीसी झीरो’ असेल तर पूर्ण मोकळीक. ‘केनी’ या नावाने मिळणारे चित्रांचे आणि आवाजांचे संच या शेवटच्या प्रकारातले आहेत. ‘ओपनगेमआर्ट’वर सगळे प्रकार मिसळलेले असतात, त्यामुळे तिथे प्रत्येक फाइलखालचं लायसन्स वाचायचं.

आपल्या घरचं उदाहरण बघू. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन कॉपीराइटमधून मोकळं होतं. तुकोबांचे अभंग तर सगळ्यांचेच आहेत. पण तोच अभंग एखाद्या गायकाने गायलेलं रेकॉर्डिंग तुमचं नाही आणि संगीतकाराने लावलेली चालही तुमची नाही. मैत्रिणीला नवी चाल लावून गायला सांगा, तिचं नाव श्रेयनामावलीत द्या आणि तिची परवानगी लेखी घ्या. हो, मैत्रीण असली तरी लेखी! पैसे आले की मैत्रीची परीक्षा होते, ती आधीच सोपी करून ठेवा.

आणि आवडत्या गेमवर बेतलेले फॅन गेम्स? ते बनवा, शिका, पण विकायचं नाव काढू नका. २०१६ मध्ये गेममेकरवर बनलेला ‘एएम टू आर’ हा ‘मेट्रॉइड’चा फॅन गेम आणि आरपीजी मेकरवर बनलेला ‘पोकेमॉन युरेनियम’, दोन्ही फुकट वाटले जात होते. तरीही निन्टेन्डोच्या कायदेशीर नोटिशींनंतर त्यांची डाउनलोड्स बंद झाली. ‘युरेनियम’मागे नऊ वर्षांची मेहनत होती. पात्रं दुसऱ्याची असली की आपली नऊ वर्षंही आपली राहत नाहीत.

टूलचं लायसन्सही वाचा. गेममेकर आज हौसेसाठी फुकट आहे, पण गेम विकायचा तर सुमारे १०० डॉलरचं एकदाच घ्यायचं व्यावसायिक लायसन्स लागतं. आरपीजी मेकर विकत घ्यावं लागतं आणि त्याच्यासोबत येणारी चित्रं कुठे वापरायची याचे नियम आहेत. क्रॅक केलेलं टूल वापरून बनवलेला गेम विकणं म्हणजे चोरीच्या शिलाई मशीनवर बुटीक उघडणं. रेन्पाय आणि गोडोला हा प्रश्नच नाही, त्यावरचा गेम तुम्ही बिनधास्त विकू शकता.

शंभर रुपयांचा हिशोब

आता पैशांचं. समजा, स्टीमवर भारतातल्या गिऱ्हाइकासाठी तुम्ही किंमत ठेवलीत ११८ रुपये. त्यातले १८ रुपये जीएसटीचे. उरले १००. त्यातले ३० टक्के, म्हणजे ३० रुपये दुकानाचे. तुमच्या वाट्याला ७०. पण दुकानात गेम ठेवायलाच प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. हे पैसे नुसते वसूल व्हायला सव्वाशेच्या आसपास प्रती विकल्या जायला हव्यात. विक्री हजार डॉलरवर गेली तर हे शुल्क परत मिळतं, पण पहिल्या गेमसाठी हजार डॉलर म्हणजे पुष्कळ झाले.

इचवर प्रवेश फी नाही. दुकानाचा वाटा किती हे विकणाराच ठरवतो, काहीच बदललं नाही तर १० टक्के. पेमेंट कंपनीचं शुल्क वेगळं. पण तिथे गर्दीही कमी. मोबाइल गेम असेल तर गुगल प्लेवर २५ डॉलरची नोंदणी एकदाच करायची. मात्र नवं वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टर म्हणून जोडलेलं राहावं लागतं. हॉस्टेलवाल्यांनो, हे बारा जण कुठे मिळतील ते सांगायला नको!

भारताबाहेरच्या विक्रीचे पैसे येतात तेव्हा कराचा फॉर्म भरावा लागतो. स्टीमसारखं अमेरिकी दुकान अमेरिकेत झालेल्या विक्रीवर ३० टक्के कर कापू शकतं. भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी पॅन नंबर देऊन फॉर्म नीट भरलेला हवा. इथे आलेली कमाई तुमच्या उत्पन्नात दाखवावी लागते. ओळखीच्या सीएकडे एक चक्कर मारा. आणि अकरावी-बारावीतल्यांनो, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्ही स्वतः केलेला करार कायद्याने टिकत नाही. त्यामुळे विक्रीचं खातं आई-बाबांच्या नावावरच काढावं लागेल. गेम त्यांना समजावून सांगायचं निमित्त तरी मिळेल.

गिऱ्हाइकाला काय द्यायचं?

तुमच्या लॅपटॉपवर गेम चालतो, याचा अर्थ तो चालतो असा नाही. तुमचं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर कधीच नव्हतं अशा जुन्या, रडतखडत चालणाऱ्या कम्प्युटरवर तो उघडून बघा. सेव्ह होतो का? मध्येच बंद केला तर परत तिथूनच सुरू होतो का? आवाज बंद करायचं बटण आहे का? विक्रीनंतर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच असतात आणि नेमकी तेव्हाच तुमची परीक्षा असते. म्हणून सबमिशनच्या महिन्यात गेम बाजारात आणू नका.

गेमच्या लांबीबद्दल खोटं बोलू नका. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे दीड तासाचा गेम एखादा पूर्ण खेळून परत करू शकतो. २०२१ मध्ये ‘समर ऑफ फिफ्टीएट’ या छोट्या भयगेमच्या निर्मात्याने अशाच परताव्यांना कंटाळून गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. यावर उपाय म्हणून गेममध्ये उगाच पाणी घालू नका. लहान गेम लहान म्हणूनच विका, किंमत तशी ठेवा आणि वर्णनात ‘सुमारे एक तास’ असं स्पष्ट लिहा. चित्रं किंवा संवाद एआयकडून करून घेतले असतील तर तेही सांगा. स्टीमने २०२४ पासून ते जाहीर करणं बंधनकारक केलंय.

आणि मराठीत?

जगाला विकायचा म्हणून गेम अमेरिकेत घडलाच पाहिजे असं नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा मोठ्या टूलवर, टीमने मिळून बनवलेला गेम. किकस्टार्टरवर त्याला हवे तेवढे पैसे मिळाले नाहीत, तरी २०२० मध्ये तो आला आणि त्यातली दुर्गा, विष्णू, राजवाडे जगभरच्या लोकांनी बघितले. तुमच्याकडे राजवाडे उभारायला पैसे नसतील, पण एसटी स्टँड आहे, पहाटेची लोकल आहे, आजोळचा बंद वाडा आहे. हे दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये नाही.

मराठी अक्षरांची मात्र आधी चाचणी घ्या. अनेक टूल्समध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘कि’ची वेलांटी भलतीकडेच जाऊन बसते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. फॉन्टही मोकळे हवेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ने बनवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या लायसन्सचे आहेत, गेममध्ये खुशाल वापरा. सोबत इंग्रजी संवादांचा पर्याय ठेवलात तर गिऱ्हाईक वाढेल.

एवढं सगळं करून कदाचित चाळीसच प्रती विकल्या जातील. खर्चही निघणार नाही. मग कशाला करायचं? कारण बहुतेकांचे गेम्स ‘ऐंशी टक्के झालाय’ या पायरीवर कायमचे थांबतात. उरलेले वीस टक्के कंटाळवाणे असतात: मेनू, सेटिंग्ज, बग्ज, श्रेयनामावली, लायसन्स. फुकटच्या गेममध्ये ते टाळता येतात, तिकीट लावलं की टाळता येत नाहीत. उद्या मुलाखतीत ‘मी गेम बनवत होतो’ म्हणणारे पुष्कळ असतील. ‘हा माझा गेम, चाळीस अनोळखी लोकांनी विकत घेतला, तिघांनी बग सांगितले, ते मी दुरुस्त केले’ असं म्हणणारे फार थोडे. आणि त्या चाळिसांपैकी एकाने जरी रात्री दोनला शेवटची लेव्हल पार करून ‘पुढचा कधी?’ असं विचारलं, तरी दुसरा गेम सुरू करायला तेवढं पुरेसं आहे.

दुकान मांडण्यापूर्वी

* गेममधली प्रत्येक फाइल कुठून आली, लायसन्स काय, याची एक वही किंवा एक्सेल शीट पहिल्या दिवसापासून ठेवा.
* स्टीमवर पैसे भरल्यावर लगेच विक्री सुरू होत नाही. पहिल्या गेमला किमान ३० दिवस थांबावं लागतं आणि ‘लवकरच येत आहे’चं पान निदान दोन आठवडे आधी लावावं लागतं.
* ट्रेलरच्या पहिल्या दहा सेकंदांत गेम खेळताना दिसू द्या. लोगो नंतर.
* दोघा-तिघांनी मिळून बनवला असेल तर कुणाचा किती वाटा हे पहिल्या विक्रीआधी कागदावर लिहा.
* परीक्षा, सबमिशन आणि गेमची तारीख एकाच महिन्यात येऊ देऊ नका.